भात्याचा हात

बाळ्याने डावा हात नुसता टेकवला, आणि ढोल, तंतुवाद्यं, पिपाणीसारखं कसलंसं वाद्य, असं सगळं खोलीत एकदम वाजायला लागलं.

खिडकीपाशी खुर्चीत हात जोडून, डोळे मिटून बसलेल्या अक्काने डोळे उघडले. आधी दाराकडे पाहिलं, मग भावाकडे.

"बाळ्या, कोण आलं रे?"

"कोणी नाही अक्का. हेच वाजतंय."

"तू वाजवतोयस?"

त्याने दोन्ही हात वर उचलले. वाजणं थांबलं नाही. चोरी पकडली गेल्यासारखा हात वर धरून तो त्या काळ्या, लांबलचक, लुकलुकत्या वस्तूकडे बघत राहिला आणि खरं तेच बोलला, "नाही बहुतेक."

स्वयंपाकघरातून त्याची बायको लाटणं हातात घेऊन आली. कुणी लग्नाची वरात आणलीय का म्हणाली. त्याने एक बटण दाबलं तर ढोलांचा वेग वाढला, दुसरं दाबलं तर पिपाणीच्या जागी माणसं आऽऽ करू लागली. शेवटी बायकोनेच भिंतीतला प्लग ओढला. सगळं थांबलं तेव्हा अक्का जराशी सावरली. तिने पुन्हा हात जोडले आणि त्या दिवशी प्रार्थना बिनसाथीची म्हटली.

बाळ्या म्हणजे लहान मुलगा नव्हे. साठीला आलेला माणूस. पण त्याला बाळ्या म्हणणारं जगात आता एकच माणूस उरलं होतं, आणि ते सत्तरीपुढचं होतं. गल्लीत सगळे त्याला कवळीकाका म्हणत, कारण तो दातांच्या डॉक्टरांकडे कवळ्या बनवायचा. दवाखान्यामागे त्याची छोटी खोली होती. तिथे प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, मेणाच्या वड्या, स्पिरिटचा दिवा, घासायची मोटर. त्याचं काम दिवसभर लोकांच्या तोंडात जायचं आणि लोक ते आपलंच म्हणून हसायचे. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. कवळी आहे हे कळलं नाही, म्हणजेच ती जमली.

संध्याकाळचा थोडासा वेळ मात्र त्याचा स्वतःचा होता. अक्काचा नेम होता. जेवणाआधी आईची प्रार्थना म्हणायची. आईने स्वतः जुळवलेली, सहा ओळींची, कुठल्याही पुस्तकात न सापडणारी. आई गेली तेव्हा अक्काने ती उचलली आणि नंतर खाली ठेवली नाही. ताप असो, पाहुणे असोत, परगावी जाणं असो, प्रार्थना झाल्याशिवाय तोंडात घास नाही. बाळ्या शाळकरी वयात बाजाची पेटी शिकला तेव्हापासून तो साथीला बसे. उजव्या हाताने पट्ट्या, डाव्या हाताने मागचा भाता. फार काही यायचं नाही त्याला. कुणी विचारलं की म्हणायचा, "अहो, मी नुसता सूर धरून बसतो. गाते ती अक्का."

ती पेटी गेली. आधी भात्याचं कातडं चिरलं, तर दवाखान्यातलं पातळ रबर चिकटवून त्याने ते सांधलं. मग सूर दम लागल्यासारखे अर्ध्यात बसू लागले. मग पेटीखाली रोज सकाळी भुशाची बारीक रांगोळी पडायला लागली. लाकडाला भुंगा लागला होता. तो कपाटात शिरेल म्हणून बायको धास्तावली आणि एका रविवारी भंगारवाल्याच्या गाडीवर पेटी निघून गेली. बाळ्या त्या वेळी मुद्दाम भाजी आणायला गेला होता.

हे फोनवर कळलं तेव्हा परगावी नोकरी करणाऱ्या मुलीने महिन्याभरात हा कीबोर्ड पाठवून दिला. साधासुधा नव्हे, आपणहून साथीची सगळी वाद्यं वाजवणारा. खोक्यात माहितीचं एक जाड पुस्तक होतं. बाळ्याने ते दवाखान्यात नेऊन जेवणाच्या सुट्टीत वाचलं. एक वाक्य तीनदा वाचलं तरी ते ज्या बटणाबद्दल होतं ते बटण दुसऱ्याच पानावर निघायचं. डॉक्टरांनीही चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, "यापेक्षा अक्कलदाढ काढणं सोपं."

मग त्याने मुलीलाच विचारलं. ती समजावून सांगायला लागली. डाव्या हाताने तीन पट्ट्या एकदम धरायच्या, त्यावरून कुठला मेळ हवाय ते यंत्राला कळतं. उजव्या हाताने गाणं वाजवायचं. बाकी तो करतो.

"बाकी म्हणजे काय?"

"बाकी सगळं, बाबा."

"मग मी काय करायचं?"

"तुम्ही मजा करायची ना," मुलगी म्हणाली, आणि तिला कामावरून हाक आली म्हणून फोन ठेवला.

डावा हात हीच खरी पंचाईत होती. त्या हाताने आजवर एकही पट्टी दाबली नव्हती. तो भात्याचा हात. पेटीच्या वरून पलीकडे जायचा, ओढायचा, ढकलायचा. आता पलीकडे काही नव्हतंच. तरी ओळ संपत आली की हात सवयीने उठायचा, वरच्या बाजूला जायचा आणि तिथे बटणांची रांग असल्यामुळे काहीतरी भलतंच घडायचं. बाळ्याने तो हात मांडीखाली दाबून बसून पाहिलं. बायको म्हणाली, "शाळेत शिक्षा झाल्यासारखे काय बसलाय?"

ढोल-बिल सगळं बंद ठेवून, नुसता पेटीसारखा आवाज लावायचा, हे त्याला शेवटी जमलं. आवाज हुबेहूब होता. पहिला सूर लागला तेव्हा अक्काचा चेहरा असा उजळला की बाळ्याच्या मनातलं ओझंच उतरलं. पण दुसऱ्या ओळीतच ती अडखळली. तिसरीत पुन्हा. थांबली, घोट गिळला, पुढे गेली आणि कशीबशी शेवटाला पोचली.

"काय झालं अक्का?"

"काही नाही रे. हा दम खात नाही."

त्याला समजलं नाही. तिलाही याहून जास्त सांगता आलं नाही. खरोखरच पट्टी दाबून ठेवली की सूर एकसारखा, न वाढता न कमी होता, दाबलेला असेतो चालू राहायचा. पेटीचा सूर भरायचा आणि ओसरायचा. ते चांगलं होतं की वाईट, याचा बाळ्याने कधी विचार केला नव्हता. पेटीची ती खोड आहे असंच तो समजत आला होता.

तो रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या कारणं शोधत राहिला, आणि त्याला आपल्या धंद्यातलंच कारण सापडलं. अक्काची कवळी. ती त्यानेच बनवलेली होती. 'स' म्हणताना तिच्या तोंडातून शिट्टी वाजायची, ती त्याने समोरचे दोन दात पुन्हा पुन्हा घासून घालवली होती. हिरड्या झिजतात, कवळी सैल होते, हवा निसटते, मग दम कसा पुरणार? दुसऱ्या दिवशी तो तिला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेला. माप घेतलं, आतून नवा थर दिला, कडा घासून गुळगुळीत केल्या. अक्का त्या उंच खुर्चीत, पाय जमिनीला न टेकता, निमूट बसून होती. बिनदातांच्या तोंडाने ती अगदी आईसारखी दिसायची, म्हणून तो तिच्याकडे फार वेळ बघायचा नाही.

"कशी बसलीय?" त्याने विचारलं.

"पहिली पण चांगलीच बसली होती," ती म्हणाली. मग त्याचं तोंड उतरलेलं पाहून पुढे म्हणाली, "ही जास्त चांगली आहे."

संध्याकाळी ती पुन्हा त्याच जागी अडखळली.

बाळ्याला काही कळेनासं झालं. वस्तू नवी, आवाज पेटीचा, दात नवे, गाणारी तीच, वाजवणारा तोच. मग चुकतंय कुठे? चुकतंय ते आपलंच, असं त्याने ठरवून टाकलं. पेटीने आपल्याला वर्षानुवर्षं सांभाळून घेतलं असणार आणि नव्या यंत्राने आपलं पितळ उघडं पाडलं. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं तर तो म्हणाला, "जमतंय हळूहळू."

आईकडून फोनवर कळल्यावर मुलीने दुसरा उपाय सुचवला. आत्याला ताल मिळाला तर श्वासाची जागा मिळेल. ढोल लावा, अगदी संथ. हेही त्याने करून पाहिलं. वेग कमी करत करत तो अशा ठिकाणी आणला की बायको म्हणाली, ढोलवाल्याला डुलकी लागलीय. त्या संथ ठेक्यावर डाव्या हाताने तीन पट्ट्या धरल्या की मागे मंद तंतुवाद्यं उठत. ऐकायला सुरेख वाटायचं, इतकं की बाळ्याला भीतीच वाटायची. एका दुपारी त्याने मुद्दाम ते वाजतं ठेवलं, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलं आणि कान देऊन उभा राहिला. जराही फरक पडला नव्हता.

बायको चपापून म्हणाली, "अहो, तुम्ही इथे, मग तिकडे कोण?"

"तेच बघतोय," तो म्हणाला.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. कवळीकाकांकडे आख्खा ऑर्केस्ट्रा आलाय. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर जिन्यात भेटून रोज विचारायचे, मुहूर्त कधी? शेवटी एका शनिवारी संध्याकाळी पोस्टमास्तर, त्यांची बायको आणि शेजारपाजारची आणखी चार-सहा माणसं दिवाणखान्यात येऊन बसली. बाळ्याच्या बायकोने चहा केला. बाळ्याने दोन-तीन ओळखीच्या चाली वाजवल्या. लोक अवाक झाले. इतकी वर्षं एकाच भिंतीपलीकडे राहून कधी कुणी त्याला वाजव म्हटलं नव्हतं, आणि आता टाळ्या पडत होत्या. त्या कोणाला, हे त्याला ठरवता येईना. तो अर्धवट हसून कीबोर्डकडे बोट दाखवायचा. पोस्टमास्तर म्हणाले, "काका, आता तुम्हाला डोळा लागला तरी चालेल. कार्यक्रम थांबायचा नाही." सगळे हसले. बाळ्याही हसला, पण ते त्याने करून पाहिलेलं होतं.

अक्का कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती. तिच्या नेमाची वेळ झाली होती आणि माणसं उठत नव्हती. पोस्टमास्तरांच्या बायकोने ते ओळखलं. चांगल्या मनाने म्हणाली, "अक्का, आज प्रार्थना आमच्यासमोरच होऊ द्या की. आम्ही गप्प बसून ऐकू."

अक्काने बाळ्याकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता, पण डोळ्यांत लहानपणी बक्षीस घेऊन घरी यायचा तशी चमक होती. ती हात जोडत म्हणाली, "चल बाळ्या. म्हणू."

ठेका सुरू झाला. तंतुवाद्यं उठली. अक्काने पहिली ओळ म्हटली, आणि ती जमली. दुसरीही जमली. ठेका जिथे श्वास घ्यायला सांगेल तिथे ती शहाण्या मुलीसारखी श्वास घेत होती. तिसरी ओळ थोडी ओढली गेली, पण गेली. खोलीत कुणी हलत नव्हतं. बाळ्याला वाटलं, जमलं. अडखळायची जागा मागे पडली, आता अक्काचा हात सोडायचा नाही. चौथी ओळ उंच चढायची. अक्काचा आवाज तिथे हल्ली पातळ व्हायचा, थरथरायचा. तो थरथरलेला ऐकला आणि बाळ्याचा डावा हात पट्ट्या सोडून आपोआप उठला, पलीकडे गेला, आणि तिला वारा भरून द्यायला त्याने नसलेला भाता जोरात ढकलला.

एक बटण कट्‌कन दाबलं गेलं.

ढोलांनी गिरकी घेतली. सगळी वाद्यं मिळून उंच चढली, दणदणीत फिरत खाली आली, आणि झांजेच्या एका मोठ्या आवाजावर सगळं एकदम संपलं. इतकं नेटकं, इतकं झोकात संपलं की कुणालाही शंका येऊ नये. टाळ्या कडाडल्या. पोस्टमास्तर "वा, वा" म्हणत उभेच राहिले. बाळ्याच्या बायकोनेही टाळी वाजवली, आणि मग तिचं लक्ष अक्काकडे गेलं.

अक्काचं तोंड उघडंच होतं. पाचवी ओळ जिभेवर आलेली. ती एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत होती, झोपेतून उठून परक्या घरात जागी झाल्यासारखी. मग तिने हळूच तोंड मिटलं, जोडलेले हात सोडले आणि पदर सारखा केला. माणसं निरोप घेऊन, जिन्यात अजून कौतुक करत, आपापल्या घरी गेली.

बाळ्याने प्लग काढला. अक्कापुढे येऊन जमिनीवरच बसला. "अक्का, पुन्हा म्हण. पहिल्यापासून. मी हात लावत नाही कशालाच."

"आता कसं म्हणू रे? देवाला काय सांगू, मघाचं धरू नकोस, आमची गडबड झाली?"

"माझं चुकलं. हात गेला माझा."

"तुझ्यावर रागावले नाहीये मी," ती म्हणाली. आवाजात खरंच राग नव्हता. "मला एवढंच कळेना, की मी म्हणत होते, मग संपलं कसं?"

बायकोने तिघांची पानं घेतली. अक्का म्हणाली, आज भूक नाही. बाळ्याने ताटावर बसून भाताची मूद मोडली आणि तशीच ठेवली. बायको एकदा याच्याकडे, एकदा आतल्या खोलीकडे बघत होती. न राहवून म्हणाली, "एवढं शिकलेलं यंत्र आहे, त्याला म्हातारीचं तोंड उघडं आहे हे दिसू नये?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाळ्या कामावरून जरा लवकर आला. हातपाय-तोंड धुऊन दिवाणखान्यात येऊन बसला. कीबोर्ड बंदच होता. त्याच्यावर बायकोने जुनी चादर घातली होती. अक्का आपल्या खोलीतून बाहेर आली नाही. तो आत डोकावला तर ती पलंगाच्या कडेला बसली होती.

"अक्का, वेळ झाली."

"हो. तू बस तिकडे. मी इथेच म्हणते."

"मग मी नुसता येऊन बसतो."

"नको बाळ्या." ती उठली, दारापाशी आली आणि लहानपणी अंघोळीनंतर करायची तसे तिने त्याच्या कपाळावरचे ओले केस मागे सारले. "तू समोर असलास की मला वाटत राहतं, आता काहीतरी वाजेल. माझं मीच बघते. थोडे दिवस बघू दे."

तिने दार लोटून घेतलं. कडी लावली नाही.

तो बाहेरच उभा राहिला. जावं की थांबावं, त्याला सुचेना. इतक्या वर्षांत प्रार्थनेच्या वेळी त्याला उभं राहायची सवयच नव्हती. हात कुठे ठेवावेत तेही कळेना. स्वयंपाकघरातून बायकोने मान बाहेर काढून, काय, असं हाताने विचारलं. त्याने हातानेच थांब म्हटलं.

आतून पहिली ओळ आली. वयाने खरखरीत झालेला, पण सरळ आवाज. ओळ संपली.

आणि मग काहीच ऐकू येईना.

दम लागला, बाळ्याच्या मनात आलं. किंवा विसरली. आईची प्रार्थना ती विसरेल हे शक्य नव्हतं, पण या दिवसांत काय शक्य नव्हतं? त्याने दार ढकलायला हात पुढे केला. तेवढ्यात दुसरी ओळ आली. शांत, भरलेल्या श्वासाची, न अडखळता शेवटापर्यंत. आणि पुन्हा तसंच. पुन्हा कोरी जागा. खाली रस्त्यावर कुणाच्या तरी सायकलची घंटी वाजली, तीही त्यात मावली.

बाळ्याचा हात दारावर तसाच राहिला. ही जागा त्याच्या ओळखीची होती. सूर ओसरू द्यायचा, दोन पट्ट्या उतरायच्या, भाता ओढायचा आणि खालचा सूर धरून तिला बोलवायचं. एवढं करायला जेवढा वेळ लागतो, नेमकी तेवढीच होती. ती थांबत होती. आत कुणी नव्हतं, आणि ती त्याच्यासाठी थांबत होती.

तिसरी ओळ आली आणि संपली.

त्या ओळीनंतर ती थोडी जास्त थांबली. तिथे त्याला नेहमी उशीर व्हायचा.